वाढणाऱ्याची जागा

नवे घर बांधायला घेतले म्हणजे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे आल्ताराची जागा आधी ठरवतात, मग दिवाणखान्याची, मग शयनगृहांची. जेवणाची जागा बहुधा उरल्यासुरल्या चौरस फुटांतून काढली जाते. पुढे एके दिवशी सहा खुर्च्यांचे मेज घरात येते. ते भिंतीला टेकवले जाते, त्यावर औषधांच्या बाटल्या, वर्तमानपत्रे आणि इस्त्रीचे कपडे साचू लागतात, आणि घरची माणसे आपापले ताट हातात घेऊन दूरचित्रवाणीसमोर जाऊन बसतात. घरांच्या आशीर्वादविधीसाठी जाणाऱ्या धर्मगुरूला हे दृश्य नवे नाही. "फादर, मेज केवढे घ्यावे, कोठे मांडावे?" असेही त्याला कधीकधी विचारले जाते.

प्रश्न सुतारकामाचा वाटतो; परंतु त्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा आपल्या श्रद्धेशी फार निकटचा संबंध आहे. प्रभू येशूने आपली आठवण म्हणून मागे ठेवले ते एक भोजन. साहजिकच माणसे जेवायला कोठे व कशी बसतात, या गोष्टीशी ख्रिस्तसभेचा पहिल्या दिवसापासून संबंध आला. हा इतिहास चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ध्यानात येते. जेवणाऱ्याची जागा कोठे आहे हे प्रत्येक आराखड्यात दाखवलेले असते. वाढणाऱ्याची जागा मात्र फारच थोड्या आराखड्यांत सापडते.

तीन पलंग, नऊ माणसे

येशूच्या काळातील रोमन जगात सुखवस्तू घरातील भोजनकक्षाला 'त्रिक्लिनियम' म्हणत. नावातच त्याची रचना आली आहे: तीन पलंगांची खोली. तीन बाजूंना तीन रुंद पलंग, मधोमध बुटके मेज आणि चौथी बाजू वाढणाऱ्या दासांच्या ये-जा करण्यासाठी मोकळी. प्रत्येक पलंगावर तिघेजण, म्हणजे एकूण नऊ माणसे डाव्या कोपरावर रेलून उजव्या हाताने जेवत. त्यांचे पाय मेजापासून दूर, पलंगाच्या मागील कडेकडे असत. कोणी कोठे रेलावे याचे नियम ठरलेले होते. प्रमुख पाहुण्याचे स्थान मधल्या पलंगावर ठरावीक ठिकाणी असे आणि यजमान त्याच्या लगत, शेजारच्या पलंगावर असे.

ही मांडणी डोळ्यांसमोर ठेवली म्हणजे शुभवर्तमानातील कितीतरी प्रसंगांचा उलगडा होतो. शिमोन परुश्याच्या घरी आलेली पापी स्त्री येशूच्या मागे, पायांशी उभी राहून रडू लागली असे संत लूक सांगतो. जेवणाऱ्याच्या मागे त्याचे पाय कसे असतील, असा प्रश्न आपल्याला पडतो. परंतु रेलून जेवणाऱ्याचे पाय मागेच असतात. अखेरच्या भोजनाच्या वेळी प्रिय शिष्य येशूच्या उराशी होता, या संत योहानाच्या वर्णनाचाही अर्थ तोच: तो प्रभूच्या उजवीकडे रेललेला होता आणि मान मागे वळवली की त्याचे डोके प्रभूच्या छातीशी येत होते. मानाच्या जागा पटकावणाऱ्या पाहुण्यांना येशूने शेवटच्या जागी बसण्याचा जो उपदेश केला, त्यालाही या नियमबद्ध बैठकीची पार्श्वभूमी आहे. संत मार्क माडीवरच्या ज्या सज्ज खोलीचा उल्लेख करतो, तिच्यासाठी मूळ ग्रीक भाषेत 'अंथरलेली' अशा अर्थाचा शब्द आला आहे.

यहुदी लोकांनी वल्हांडणाच्या रात्री रेलून जेवण्याची ही रीत मुद्दाम स्वीकारली होती. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात असा दंडक आहे की, इस्राएलातील अत्यंत गरीब माणसानेही त्या रात्री रेलल्यावाचून जेवू नये. रेलून जेवणे हे स्वतंत्र माणसाचे लक्षण मानले जाई. दासाने उभे राहावे, धन्याने रेलावे, ही जगाची रीत होती. म्हणून मिसरच्या दास्यातून सुटलेल्या प्रजेने एक रात्र तरी धन्यासारखे जेवायचे.

आता त्या रात्री येशूने काय केले ते पाहा. तो भोजनावरून उठला, त्याने बाह्यवस्त्र उतरवले, कमरेला रुमाल बांधला आणि तो शिष्यांचे पाय धुऊ लागला. पाय पलंगाच्या मागील बाजूला होते. म्हणजे पाय धुण्यासाठी प्रभूला रेललेल्यांची जागा सोडून, जेथून दास वावरत तेथे जावे लागले. यजमानाने आपले स्थान सोडले आणि वाढणाऱ्याचे स्थान घेतले. आपण सेवा करणाऱ्यासारखे तुमच्यामध्ये आहोत, असे प्रभूने त्याच भोजनाच्या वेळी शिष्यांना सांगितल्याचे संत लूकने नोंदवले आहे. हे शब्द प्रभूने त्या खोलीत आपली जागा बदलून सिद्ध केले.

करिंथमधील पंक्तिप्रपंच

यानंतर पंचवीस वर्षेही उलटली नसतील, तोच ख्रिस्ती लोकांच्या भोजनाचा एक अप्रिय प्रकार संत पौलाच्या कानी आला. करिंथ येथे प्रभुभोजनासाठी जमलेल्या मंडळीत कोणी भुकेला राहत होता, तर कोणी पिऊन तर्र होत होता. पौलाने इ. स. ५४-५५ च्या सुमारास इफिस येथून लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात या गोष्टीची अत्यंत कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली आहे. असले भोजन प्रभूचे भोजनच नव्हे, इतक्या थराला तो जातो.

हे घडले कसे? डॉमिनिकन संघाचे बायबलपंडित जेरोम मर्फी-ओ'कॉनर यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर घराच्या आराखड्यात शोधले. त्या काळी चर्चच्या इमारती नव्हत्या. मंडळी एखाद्या ऐपतदार बांधवाच्या घरी जमत. संपूर्ण ख्रिस्तसभेचे आतिथ्य करणाऱ्या गायसचा उल्लेख पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात केला आहे. करिंथजवळ अनाप्लोगा येथे उत्खननात सापडलेल्या एका रोमन घराचा भोजनकक्ष ७.५ मीटर लांब व ५.५ मीटर रुंद आहे. बाहेरचा चौक ५ मीटर बाय ६ मीटरचा असून त्याच्या मध्यभागी पावसाच्या पाण्याचे कुंड आहे. आतील पलंगांवर फार तर नऊ-दहा माणसे रेलू शकत. बाकीच्या तीसचाळीस जणांना चौकात दाटीवाटीने बसावे लागे. यजमानाचे मित्र, ज्यांचा वेळ त्यांच्या मालकीचा होता, ते लवकर येऊन आत रेलत. दिवसभर राबून उशिरा येणारे दास व कामकरी बाहेर राहत आणि त्यांच्यापर्यंत उरलेसुरले पोचे. या विशिष्ट घराचा काळ व त्याचा पौलाच्या पत्राशी जोडलेला संबंध सर्व अभ्यासकांना मान्य नाही. तथापि रोमन भोजनकक्ष नऊ माणसांचा होता आणि मंडळी त्याहून कितीतरी मोठी होती, यात शंका नाही.

मराठीत 'पंक्तिप्रपंच' असा एक नेमका शब्द आहे. एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडा भात वाढणे, याला पंक्तिप्रपंच म्हणतात. करिंथचा दोष तोच होता. मला वाटते, त्या यजमानाच्या मनात दुजाभाव नसेलही. त्याने आपल्या घरातील वहिवाटीप्रमाणे लोकांना बसवले एवढेच. परंतु ती वहिवाट एका वेगळ्या जगाची होती आणि त्या घराने आपल्या भिंतींचा न्याय प्रभूच्या भोजनावर लादला.

यावर पुढील पिढ्यांनी काय केले, याचा एक पुरावा सिरियामध्ये युफ्रेटिस नदीच्या काठी दुरा-युरोपोस या नगरात मिळाला. १९३१-३२ मध्ये येल विद्यापीठ व फ्रेंच संशोधक यांच्या उत्खननात तेथे एक साधे घर सापडले. इ. स. २३२ च्या सुमारास बांधलेल्या या घराचे थोड्याच काळात ख्रिस्ती प्रार्थनागृहात रूपांतर करण्यात आले होते. त्यासाठी तेथील ख्रिस्ती लोकांनी दोन खोल्यांमधील भिंत पाडली आणि सुमारे १३ मीटर लांब व ५ मीटर रुंद असे एक दालन केले. आतले आणि बाहेरचे असा भेद त्या दालनात उरला नाही. करिंथच्या प्रश्नाला दुराच्या गवंड्याने दिलेले हे उत्तर होय, असे म्हणण्याचा मोह होतो.

वाढणाऱ्याला आधी घास

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. प्रार्थनेचे नियम घालून देणाऱ्या या संताने स्वयंपाकघर आणि भोजनगृह यांविषयीही प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली आहेत. मठात बसण्याचा क्रम कुलीनतेवर नव्हता. ज्याने आधी व्रत स्वीकारले तो आधी, मग तो सरदारपुत्र असो की मुक्त झालेला दास. भोजनाच्या वेळी एकाने वाचन करायचे आणि इतरांनी मौन पाळायचे. कोणाला काही मागण्याची वेळ येऊ नये म्हणून प्रत्येकाने शेजाऱ्याला काय हवे-नको ते पाहायचे.

वाढण्याचे काम सर्व बंधूंनी आठवड्याच्या पाळीने करायचे असे पस्तिसावे प्रकरण सांगते. पाळी संपवणारा व पाळी सुरू करणारा, दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. आणि मग बेनेडिक्ट एक लहानशी सूचना करतो, जी मला सबंध नियमावलीतील अत्यंत मायाळू सूचना वाटते: वाढणाऱ्यांना भोजनाच्या एक तास आधी, त्यांच्या ठरलेल्या वाट्याखेरीज, थोडी भाकर व पेय द्यावे, म्हणजे ते कुरकुर न करता, फार कष्ट न पडता आपल्या बंधूंना वाढू शकतील. वाढणाऱ्यालाही भूक लागते, ही गोष्ट नियमात लिहून ठेवावी असे या मठाधिपतीला वाटले.

पुढे मठांची भोजनगृहे याच नियमाच्या अनुरोधाने बांधली गेली. लांबच लांब मेजे भिंतींच्या कडेने मांडलेली. मठवासी भिंतीकडे पाठ करून एकाच बाजूला बसत. मधली जागा वाढणाऱ्यांसाठी मोकळी राही आणि वाचकासाठी भिंतीत उंचावर व्यासपीठ असे. लिओनार्दो दा विंचीने १४९५ ते १४९८ या काळात मिलान येथील सांता मारिया देल्ले ग्राझिये या डॉमिनिकन मठात जे 'अखेरचे भोजन' रंगवले, ते अशाच एका भोजनगृहाच्या भिंतीवर. चित्रात प्रभू व शिष्य लांब मेजाच्या एकाच बाजूला का बसले आहेत, याचे नवल वाटायला नको. समोर जेवणारे मठवासी तसेच बसलेले होते. रावेन्ना येथील संत अपोलिनारिसच्या नव्या महामंदिरातील सहाव्या शतकाच्या कुट्टिमचित्रात मात्र प्रभू व शिष्य अर्धवर्तुळाकार बैठकीवर रेललेले दिसतात. एक हजार वर्षांत जगाची बसण्याची रीत बदलली आणि चित्रकारांनी प्रभूला आपापल्या काळातील मेजावर आणून बसवले. आपल्या घरांत लिओनार्दोच्या चित्राची जी प्रत जेवणाच्या जागेवर लावलेली असते, तिच्यातले मेज येरुशलेमचे नाही. ते मठाचे आहे.

या चित्राला एक जखम आहे. १६५२ साली भोजनगृहाच्या त्या भिंतीत दार मोठे करून घेताना चित्राच्या तळाचा मधला भाग गेला आणि प्रभूची पावले नाहीशी झाली. ज्याने त्या रात्री इतरांचे पाय धुतले, त्याचे पाय ये-जा करण्याच्या वाटेने गिळले. जेवणाच्या खोलीतील दार आधीच योग्य जागी काढावे, एवढा धडा तरी यातून घ्यावा!

फळी, घोडी आणि खुर्ची

मध्ययुगीन युरोपात सरदाराच्या वाड्यातील मोठे दालन हेच भोजनगृह, सभागृह आणि कित्येकांचे शयनगृह असे. कायमचे मेज नव्हतेच. लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकायच्या, बाके ओढायची आणि जेवण झाले की सारे उचलून भिंतीला लावायचे. या फळीला इंग्रजीत 'बोर्ड' म्हणत. आपली मुले शिकण्यासाठी ज्या 'बोर्डिंगात' राहिली, त्याचे नाव या जेवणाच्या फळीवरूनच आले आहे. खुर्ची ही दुर्मीळ वस्तू होती. ती धन्याची, बाके इतरांची. 'चेअरमन' या शब्दात तो काळ अजून शिल्लक आहे. इंग्लंडमधील केंट परगण्यात पेन्सहर्स्ट प्लेस येथे १३४१ चे असे एक दालन आजही उभे आहे.

या दालनात उच्चनीचपणा भरपूर होता. धनी चौथऱ्यावर, चाकर खाली. तरीही सारे एका छपराखाली, एकमेकांच्या नजरेसमोर जेवत. लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांनी १२४० च्या सुमारास लिंकनच्या विधवा सरदारपत्नीसाठी घरव्यवस्थेचे नियम लिहून दिले. त्यांत ते बजावतात की, आजारपण किंवा थकवा नसेल तर तिने दालनात आपल्या माणसांसमोर जेवावे. कोपऱ्यात, आतल्या खोल्यांत जेवणे होऊ देऊ नयेत, कारण त्यातून नासाडी होते आणि मान राहत नाही. तिच्यापुढील ताट भरपूर भरलेले असावे, म्हणजे त्यातून उजव्या-डाव्या हाताच्या लोकांना तिला देता येईल.

बिशपांना सूचना करावी लागली, यावरूनच वारे कोणत्या दिशेने वाहत होते ते कळते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम लँगलंड या कवीने 'पिअर्स प्लावमन' या काव्यात तक्रार केली आहे की, धनी व धनीण आता दालनात बसत नाहीत. गोरगरिबांना टाळण्यासाठी ते धुराडे असलेल्या खाजगी खोलीत जेवतात. स्वतंत्र भोजनकक्षाचा जन्म असा झाला. त्यात उबदार एकांत होता हे खरेच. पण तो दार लावून मिळवलेला एकांत होता.

लपवलेले हात

अठराव्या शतकात श्रीमंत घरांतून वेगळी जेवणाची खोली रूढ झाली. आणि मग कारागिरांची सारी बुद्धी एका चमत्कारिक कामी लागली: वाढणारा दिसू नये. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ साली ज्याने लिहिला, त्या थॉमस जेफर्सनच्या व्हर्जिनियातील माँटिचेलो या घरी ही करामत आजही पाहायला मिळते. भोजनकक्षातील शेकोटीच्या दोन्ही अंगांना तळघरातून दारूच्या बाटल्या वर खेचणारे लहान पाळणे आहेत. एका दाराला फळ्या ठोकलेल्या असून ते आसाभोवती फिरते. बाहेरच्या बाजूने पदार्थ ठेवायचे, दार फिरवायचे, की ते आत येतात. पाहुण्यांनी समतेवर बोलावे आणि ज्या गुलामांनी अन्न शिजवले त्यांचे तोंडही दिसू नये, अशी ती सोय होती. रोमन त्रिक्लिनियममध्ये दासासाठी निदान चौथी बाजू मोकळी होती. येथे तीही उरली नाही.

विसाव्या शतकात दास गेले, चाकरही कमी झाले. पण भिंत राहिली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी घरे बांधली जात असताना मार्गारेट श्युट्टे-लिहोट्स्की या स्त्री-वास्तुविशारदाने १९२६ साली एका स्वयंपाकघराची रचना केली. गृहिणीची एकेक हालचाल मोजून, पायपीट वाचवण्याच्या सद्हेतूने आखलेले हे स्वयंपाकघर १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब होते. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली आणि जगभरच्या सदनिकांनी त्यांचा कित्ता गिरवला. त्यातून पावले वाचली हे निर्विवाद आहे. परंतु त्या खोलीत एकच माणूस मावत होता. जेवण पलीकडच्या खोलीत, गप्पा पलीकडच्या खोलीत, आणि गृहिणी एकटी अलीकडे. पुढे याच कारणास्तव त्यावर टीका झाली.

बेथानीच्या मार्थेचे गाऱ्हाणे आपण सर्वांनी ऐकले आहे. मरियेने उत्तम वाटा निवडला, यावर प्रवचने पुष्कळ होतात. परंतु मार्थेच्या तक्रारीतील एका शब्दाकडे फारसे लक्ष जात नाही. आपल्याला काम पडले असे ती म्हणत नाही. आपल्याला एकटीला टाकले, असे ती म्हणते.

पाटापासून मेजापर्यंत

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत पाव, बटाटा, चावी, बिजागरी, घमेले असे कितीतरी शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले. 'मेज' हा शब्द तर फारसी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच उच्चारला जातो. तरीही आपल्या सर्वसामान्य शेतकरी व मच्छीमार घरांत मेजाचे राज्य अलीकडेच आले. आपले पूर्वज पाटावर किंवा चटईवर बसून जेवत.

जमिनीवरच्या पंगतीचे गुण मोठे होते. अवचित पाहुणा आला की सर्वांनी चार बोटे सरकायचे, जागा झाली. सहा खुर्च्यांच्या मेजाला सातव्याची अडचण होते. पंगतीला ती कधीच झाली नाही. परंतु तिचे दोषही लपवू नयेत. आपल्या देशात कोणाच्या पंक्तीला बसावे यावर जातीचे कडक पहारे होते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांसारख्यांनी मिशनऱ्यांकडचा चहा घेतला, एवढ्यावरून प्रायश्चित्ताचा वाद पेटला. पंगतीची दुसरी उणीव घराघरांतली होती. पंगतीला वाढणारे कोणीतरी लागते, आणि वाढणारा बसू शकत नाही. आधी पुरुष, मग मुले, आणि सर्वांचे आटोपल्यावर आई व सुना चुलीजवळ, थंड भात आणि भांड्याच्या तळाची आमटी घेऊन. हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिले आहे.

मेजाने येथे एक मोठी संधी आणली. भांडी मध्यभागी ठेवता येतात, ज्याचा तो वाढून घेतो, आणि वाढणारी व्यक्तीही खुर्ची ओढून सर्वांबरोबर बसू शकते. पण ही संधी आपण घेतली का? अनेक घरांत मेज आले आणि रीत जुनीच राहिली. पाच जण बसतात. सहावी खुर्ची रिकामी असते आणि तिची मालकीण तव्यावरची भाकरी उलथीत उभी असते. पंगतीची ऐसपैस मायाही गेली आणि मेजाची समताही आली नाही.

काही मोजमापे

म्हणून ज्यांनी मेजाविषयी विचारले त्यांना आता काही व्यावहारिक गोष्टी सांगतो.

जेवणाच्या मेजाची उंची साधारण अडीच फूट आणि खुर्चीच्या बैठकीची दीड फूट असावी. एका माणसाला मेजाची दोन फूट कड पुरते. सहा जणांसाठी पाच फूट लांब व तीन फूट रुंद मेज चालते. दोघांनी मात्र टोकांना बसावे लागते. खुर्ची मागे सरकवून उठण्यासाठी प्रत्येक बाजूला तीन फूट जागा सोडावी. म्हणजे अशा मेजाला सुमारे अकरा फूट बाय नऊ फूट मोकळी जागा लागते. ती नसेल तर मेज लहान घ्यावे. मोठे मेज भिंतीला चिकटवू नये. भिंतीला लावलेल्या मेजाची एक पूर्ण बाजू वाया जाते, आणि बहुधा वाया जाते ती घरातल्या शेवटच्या माणसाची जागा. चार फूट व्यासाच्या गोल मेजाला वरची व खालची टोके नसतात आणि दाटीने सहावा माणूसही त्याभोवती मावतो. पाने उघडून वाढवता येणारे मेज लहान सदनिकेत उपयोगी पडते. एखादे बाकही असू द्यावे. खुर्चीवर एकच बसतो, बाकावर सरकता येते, आणि पंगतीचा गुण घरात टिकून राहतो.

मेज स्वयंपाकघराच्या जवळ असावे आणि मध्ये शक्यतो भिंत नसावी. चर्चमध्ये वेदीच्या बाजूला जसे भांडी ठेवण्याचे लहान मेज असते, तसे एक लहान मेज किंवा कट्टा जेवणाच्या जागेजवळ हवा. पाण्याचा तांब्या, मीठ, लोणचे, जादा ताटल्या सारे त्यावर असले म्हणजे कोणाला उठावे लागत नाही. भाकऱ्या आधी करून, फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून मेजावर आणाव्यात. त्या किंचित निवतील. भाकरी करणारी व्यक्ती आपल्याबरोबर बसणार असेल, तर एवढी किंमत फार नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळात, २६ सप्टेंबर १९६४ रोजी रोमहून निघालेल्या सूचनेत म्हटले होते की, मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी, म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल व लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करता येईल. आपल्या धर्मग्रामांतील वयस्कर मंडळींना तो बदल आठवत असेल. वेदी चार हात पुढे आली आणि धर्मगुरू व भाविक एकमेकांना दिसू लागले. घरातले मेजही असेच भिंतीपासून ओढून घ्यावे आणि खुर्च्या मांडताना घरात जेवढी माणसे आहेत तेवढ्या मोजाव्यात. मोजताना जी स्वयंपाकघरात आहे तिला विसरू नये, आणि जी मुलगी कामाला येते तिलाही. मग तिचे ताट आधी मांडावे, तिला बसवावे, आणि कृतज्ञतेची प्रार्थना तोवर सुरू करू नये.